आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र : माझे समुपदेशन अर्ध्यावर का तोडले?

प्रति,
माननीय लोकस्वास्थ्य व वैद्यकीय शिक्षण मंत्री,
मध्य प्रदेश शासन, भोपाळ.

महोदय,

सादर नमस्कार. मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहते आणि एका खासगी शाळेत गणित शिकवते. या पत्राची हिंदी प्रत आपल्या कार्यालयाकडे रीतसर पाठवली आहे. मराठीत ते जाहीरपणे लिहिण्याचे कारण असे की, या शहरात पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या मराठी घरांमध्ये माझ्यासारखेच काही जण हा त्रास दार लावून सोसत आहेत, आणि निदान त्यांना तरी आपण एकटे नाही हे कळावे. आमच्याकडे हळदीकुंकवाला मधुमेहाच्या गोळ्यांची आणि गुडघ्याच्या शस्त्रक्रियेची चर्चा मोकळेपणाने होते. मनावरच्या उपचारांबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

गेल्या महिन्यात एका सरकारी रुग्णालयात चालू असलेले माझे समुपदेशन कोणतीही पूर्वसूचना न देता बंद पडले. ठरलेल्या वेळी मी पर्चा (केसपेपर) घेऊन गेले, तर खोलीला कुलूप होते. खिडकीवरच्या बाबूंनी सांगितले की समुपदेशक मॅडमची संविदा, म्हणजे नोकरीचे कंत्राट, संपली, ती पुढे वाढवलेली नाही, नवीन कुणी येईल तेव्हा येईल, तोवर हेल्पलाइनला फोन करा. माझी फाइल कुठे आहे, असे विचारले तेव्हा त्याचे उत्तर कुणाकडेच नव्हते. त्या फाइलमध्ये मी माझ्या सख्ख्या बहिणीलाही न सांगितलेल्या गोष्टी आहेत, महोदय. ती कुठल्या कपाटात आहे, कुणाच्या हाती आहे, की रद्दीत गेली, हे मला आजही ठाऊक नाही.

एका कर्मचाऱ्याची मुदत संपली, यात एवढे काय, असे आपल्याला वाटू शकेल. म्हणून मला आधीचे सांगावे लागेल. वर्गात फळ्यावर समीकरण लिहिता लिहिता एके दिवशी माझा श्वास अडकला, हात बधिर झाले आणि आपण आता मरतो आहोत अशी खात्री वाटली. घरच्यांनी हृदयरोगतज्ज्ञांकडे नेले. ईसीजी, इको, ट्रेडमिल, सगळे व्यवस्थित निघाले. 'टेन्शन घेऊ नका' असे सांगून मला घरी पाठवण्यात आले, आणि तसेच झटके पुन्हा पुन्हा येत राहिले. मग मी टेम्पोत बसणे सोडले, बाजार सोडला, लग्नाकार्यांना जाणे सोडले. शाळेत दाराजवळची खुर्ची सोडून दुसरीकडे बसणे मला अशक्य झाले. पैसा गेला तो गेलाच, पण आपले दुखणे खोटे आहे असे चारचौघांच्या नजरेत वाचत जगणे म्हणजे काय, हे ज्याने भोगले त्यालाच कळेल. अखेर एका तरुण डॉक्टरने पर्च्यावर मनोविकार विभागाचे नाव लिहिले, आणि मला पॅनिक डिसऑर्डर, म्हणजे अचानक तीव्र भीतीचे झटके येण्याचा विकार, आहे हे पहिल्यांदा कुणीतरी स्पष्ट सांगितले.

समुपदेशन म्हणजे कुणीतरी समजूत घालणार, सकारात्मक विचार करा म्हणणार, अशीच माझी कल्पना होती. पहिल्या सत्रात त्या बाईंनी उपदेशाचा एक शब्द काढला नाही. या कामातून तुम्हाला काय हवे आहे, असे त्यांनी विचारले आणि मी बोलेपर्यंत त्या थांबल्या. मग आम्ही दोघींनी मिळून ठरवले की भीती मुळीच वाटू नये हे ध्येय धरायचे नाही, तर भीती वाटत असतानाही मला वर्ग घेता यावा आणि बाजारात जाता यावे हे धरायचे. छातीत धडधडले की 'हा हृदयविकारच' हा निष्कर्ष मी किती वेगाने काढते, हे आम्ही नोंदी करून तपासले. त्यानंतर ज्या जागांची मला भीती वाटते त्यांची सोप्याकडून अवघडाकडे जाणारी यादी केली : आधी दुपारी गर्दी कमी असताना महाराज बाडा या गजबजलेल्या चौकाच्या कडेला काही मिनिटे उभे राहणे, नंतर टोपी बाजारातून पायी जाणे, आणि सर्वांत शेवटी दिवाळीच्या आधी सराफ्यात जाऊन येणे. प्रत्येक पायरी कधी घ्यायची हे मी ठरवत होते आणि ती टाळायची नाही याची आठवण त्या देत होत्या.

आमचे मतभेदही झाले. रोज रात्री नोंदी लिहायच्या असे त्यांनी सुचवले, तेव्हा रात्री मला पेपर तपासायचे असतात, हे जमणार नाही, असे मी सांगितले. त्यांनी माझ्यावर आळसाचा ठपका ठेवला नाही. शाळेतल्या मोकळ्या तासाला लहान वहीत चार ओळी लिहायच्या असे ठरले, आणि ते जमले. वडिलांच्या मृत्यूबद्दल मला इतक्यात बोलायचे नव्हते; त्यांनी तो विषय माझ्या हाती सोडला. प्रत्येक सत्राच्या शेवटी, आज काय उपयोगी पडले आणि काय खटकले, असे त्या विचारत. सरकारी इमारतीत मला काय खटकले असे आजवर कुणीही विचारले नव्हते.

यात त्या बाईंचा चांगुलपणा होताच, पण यालाच उपचार म्हणतात. एडवर्ड बॉर्डिन या मानसशास्त्रज्ञाने 1979 मध्ये मांडले की उपचाराचे नाते तीन गोष्टींवर उभे असते : ध्येयाबद्दल एकमत, कामाच्या पद्धतीबद्दल एकमत आणि परस्परांवरचा विश्वास. 2018 मध्ये 295 अभ्यासांचा, तीस हजारांहून अधिक रुग्णांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला, आणि हे नाते जितके पक्के तितका गुण चांगला येतो, हेच त्यातून पुन्हा दिसले. ॲरन बेक यांनी विकसित केलेल्या ज्या पद्धतीने माझे काम चालले होते, तिच्यात तर रुग्ण आणि उपचारक यांनी मिळून शोध घ्यायचा असतो. असे काम दोन विशिष्ट माणसांमध्ये उभे राहते. त्यातले एक माणूस एका कागदाच्या अभावी उचलून नेले, तर मागे खुर्ची उरते, उपचार उरत नाही. हाड बसण्याआधीच प्लास्टर कापून रुग्णाला रस्त्यावर सोडणाऱ्या डॉक्टरची आपण चौकशी लावली असती. माझ्या बाबतीत तेच घडले आणि त्याची कुठे साधी नोंदही नाही.

उपचार संपवण्याचीही पद्धत असते. आधी सांगावे लागते, शेवटच्या एक-दोन सत्रांत काय साधले ते पाहावे लागते, झटके परतले तर काय करायचे हे लिहून द्यावे लागते, आणि पुढे दुसरे कुणी सांभाळणार असेल तर रुग्णाच्या संमतीने फाइल त्याच्याकडे सोपवावी लागते. मला यातले काहीच मिळाले नाही. बाजाराच्या यादीत मी मधल्या पायरीवर होते. आता मी पुन्हा दाराजवळच्या खुर्चीत बसते, आणि गेल्या आठवड्यात वर्ग अर्धा सोडून बाहेर आले. याची जबाबदारी कुणाची, हे मला लेखी हवे आहे.

त्या बाईंवर माझा राग नाही. ज्यांना स्वतःच्या पुढच्या महिन्याच्या पगाराची खात्री नाही, अशा माणसांच्या भरवशावर आपण या राज्यातल्या घाबरलेल्या, खचलेल्या लोकांना सोपवले आहे. जिल्हा रुग्णालयांत मानसिक आरोग्यासाठी 'मन कक्ष' उघडले आणि दारावर पाट्या लागल्या. त्या खोल्यांमध्ये बसणारे माणूस वर्षभराने तेच असेल का, हा प्रश्न आपल्या बैठकांमध्ये कुणी विचारला आहे का? हेल्पलाइनचे म्हणाल, तर 10 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू झालेली 14416 ही टेलिमानस सेवा संकटाच्या रात्री जीव वाचवू शकते, आणि ती असलीच पाहिजे. पण महाराज बाड्यावरच्या माझ्या पायऱ्या ठाऊक असलेले माणूस त्या फोनवर मला कसे मिळणार?

आता कायद्याचे बोलते. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम 2017 हा 29 मे 2018 पासून अमलात आहे. त्याच्या कलम 18 प्रमाणे प्रत्येक व्यक्तीला सरकारी सेवेतून मानसिक आरोग्याचे उपचार मिळण्याचा हक्क आहे, आणि तेही परवडणाऱ्या खर्चात, चांगल्या दर्जाचे, पुरेशा प्रमाणात. जिल्ह्यात किमान सेवा उपलब्ध नसतील, तर त्याच जिल्ह्यात इतरत्र घेतलेल्या उपचारांचा खर्च सरकारने सोसायचा आहे. कलम 23 गोपनीयतेचा हक्क देते, कलम 25 स्वतःच्या नोंदी मिळण्याचा. माझ्या एका फाइलच्या बाबतीत हे दोन्ही हक्क एकाच वेळी तुडवले गेले. आणि सत्र चालू असताना दार ढकलून कुणीही आत डोकावत असे, रांगेत विभागाच्या नावासह माझे नाव मोठ्याने पुकारले जात असे, ही कुठली गोपनीयता? या पत्राखाली मी नाव लिहीत नाही, त्याचे कारणही हेच आहे. शाळेत कळले तर माझी नोकरी राहील याची हमी आपण देणार आहात का?

बेंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने 2015-16 मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात आपले राज्य होते. त्या अहवालाप्रमाणे मध्य प्रदेशात लाख लोकांमागे 0.05 मानसोपचारतज्ज्ञ होते, म्हणजे वीस लाखांमागे एक. केरळमध्ये हेच प्रमाण 1.2 होते. मानसिक विकार असलेल्यांपैकी, विकारानुसार, 70 ते 92 टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत, असे तोच अहवाल सांगतो. याच अधिनियमाच्या कलम 31 मध्ये सरकारांना दहा वर्षांची मुदत दिली आहे : तज्ज्ञांची संख्या लोकसंख्येच्या प्रमाणात आंतरराष्ट्रीय मानकांपर्यंत नेण्याचे प्रयत्न करा. ती मुदत मे 2028 मध्ये संपते. असलेली माणसे संविदा संपली म्हणून घरी पाठवून आपण ती कशी गाठणार आहात?

राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम 1982 चा आहे, जिल्हा कार्यक्रम 1996 चा. आमच्या ग्वाल्हेरच्या मानसिक आरोग्यशाळेवर देखरेख ठेवण्याचे काम 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे सोपवावे लागले होते. म्हणजे मनाने आजारी माणसाला माणूस म्हणून वागवा, हे या राज्याला देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगावे लागले. या व्यवस्थेला इमारत दिसते, यंत्र दिसते, फीत कापायचा कार्यक्रम दिसतो. बंद खोलीत दोन माणसे आठवड्याला तास-पाऊण तास बोलतात आणि त्यातून एक आयुष्य रुळावर येते, याचा फोटो निघत नाही, म्हणून त्यासाठी कायम पद निघत नाही. संविदा शिक्षक, संविदा परिचारिका, संविदा समुपदेशक : जिथे माणसाने माणसाला सांभाळायचे असते, नेमकी तीच कामे या राज्याने कंत्राटावर टाकली आहेत. इंग्लंडने 2008 पासून सरकारी खर्चाने बोलण्यातून होणारे उपचार देण्याचा स्वतंत्र कार्यक्रम उभारला, आणि तिथे नागरिक स्वतःहून नाव नोंदवू शकतो. ते सरकारच होते, महोदय, कुणी दानशूर संस्था नव्हे.

खासगी समुपदेशकाकडे जा, असे मला सांगण्यात येते. एका सत्राचे शुल्क हजाराच्या घरात आहे आणि दर आठवड्याला ते भरणे माझ्या पगारात बसत नाही. शिवाय कुणाची पात्रता काय, हे तपासायचे कसे, तेही रुग्णानेच शोधायचे.

माझी मागणी स्पष्ट आहे. सरकारी रुग्णालयांतील समुपदेशकांची आणि चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची पदे कायम करा. तोवर किमान असा आदेश काढा की चालू उपचारांतील रुग्णांची समारोपाची सत्रे आणि हस्तांतर पूर्ण होईपर्यंत कुणाचीही संविदा संपवली जाणार नाही. खोलीला आतून कडी आणि नोंदींना कुलूप द्या. माझी फाइल शोधून तिची प्रत मला द्या, आणि जिच्यासोबत मी ते काम सुरू केले, तिला ते पूर्ण करू द्या. यातले जे जमणार नसेल, ते का जमणार नाही हे मला नव्हे, तर या जिल्ह्यातल्या सर्व रुग्णांना जाहीरपणे सांगा. हिंदी प्रतीसोबत माझा पत्ता दिलेला आहे. तो गोपनीय ठेवावा.

आपली,
लष्कर, ग्वाल्हेर येथील एक शिक्षिका