ओटीपी वाचून कोण दाखवणार? गृहमंत्र्यांना बेळगावातनं एक खुलं पत्र

मा. गृहमंत्री साहेब,
कर्नाटक राज्य, बेंगळूर

स.न.वि.वि.

साहेब, मी शहापुरात मोबाईल रिपेरीचं दुकान चालवतो. आधीच सांगून टाकतो, हे पत्र सीमाप्रश्नाचं नाही. तो खटला २००४ पासनं सुप्रीम कोर्टात आहे, त्याचं जे व्हायचं ते तिथं होईल, आणि तुम्हाला त्यावर पत्रं काय कमी येत नसतील. माझं काम फोनबद्दल आहे. पण फोनबद्दल बोलायला गेलं की भाषा मधे येतेच त्याला मी काय करू, पुढं वाचा म्हणजे कळेल.

वडगावातली एक काकी आहे, घरात यंत्रमाग, वय साठीच्या पुढं, पाचवीपर्यंत मराठी शाळा. दुकानात आली आणि म्हणाली फोन हँग व्हायलाय बघ जरा. मी बघतो तर आत गृहलक्ष्मी (बायकांच्या खात्यावर महिन्याला पैसे टाकणारी आपल्या राज्याची योजना) नावाचं एक ॲप, वर सरकारी शिक्क्यासारखं चित्र, आणि ते प्ले स्टोअरवरनं आलेलंच नाही, व्हॉट्सअपवर आलेली एपीके फाईल दाबून बसवलेलं. ॲपला मेसेज वाचायची परवानगी दिलेली. माझ्या पोटात गोळाच आला. एपीकेवाल्यांचं काम असंच चालतं साहेब, ॲप एकदा आत गेलं की बँकेचा ओटीपी तुमच्या फोनवर येतो आणि तिथनं गुपचूप चोराच्या फोनवर जातो, काकीने कुणाला एक आकडा सांगायचीसुद्धा गरज नाही. कधी पीएम किसानच्या नावाने येतं, कधी आरटीओच्या चलनाच्या, कधी लग्नाची पत्रिका म्हणून. काकीला गृहलक्ष्मीच्या नावाने आलं कारण ऑगस्ट २०२३ पासनं महिन्याचे दोन हजार तिच्या खात्यावर पडायलेत हे चोराला माहीत, सगळ्यांनाच माहीत.

विचारलं, काकी हे कुणी घालून दिलं? म्हणाली, काल फोन आलेला, "काकी, तुमचे दोन हजार अडकलेत, केवायसी राहिलीय." मराठीत बोलला वो, ती म्हणाली, काकी म्हणाला, मला वाटलं ऑफिसातला आपलाच कोणतरी पोरगा आहे.

खात्यातले अठरा हजार चारशे गेले. आणि मला जे लागलं ते पुढचंच, फोनमध्ये बँकेचे मेसेज आलेले होते. एक नाही पाच. तीन इंग्लिशमध्ये, दोन कन्नडमध्ये. काकीने ते बघितलेले. "आलेले की मेसेज, पण रोजच येतात, मला काय कळतंय त्यातलं."

मी लगेच १९३० ला, म्हणजे सायबर चोरीच्या तक्रारीच्या सरकारी नंबरला, फोन लावला, हिंदी-कन्नड अशी माझी खिचडी करून सगळं सांगितलं, तिकडनं नीट ऐकून घेतलं, तक्रार नोंदवली आणि सहा हजार वाटेतच कुठल्यातरी खात्यात थांबवले गेले. खरंच काम झालं, ते मी नाकारत नाही. बाकीचे मात्र तोपर्यंत भाड्याच्या खात्यातनं पुढच्या भाड्याच्या खात्यात आणि तिथनं एटीएममधनं बाहेर. ही भाड्याची खाती म्हणजे चार पैशासाठी स्वतःचं पासबुक-एटीएम दुसऱ्याला देणारी पोरं असतात, आमच्याकडे पण आहेत, कुठं नाहीत. दुसऱ्या दिवशी काकीला घेऊन बँकेत गेलो (नाव घेत नाही, त्या माणसाची पण काय चूक म्हणा, समोर चाळीस लोकांची लाईन). त्याने कन्नडमध्ये विचारलं, मेसेज आलेला तो वाचला नाही का तुम्ही? मी काकीला मराठीत सांगितलं काय विचारलं ते. काकी काउंटरकडं बघत राहिली. मला तरी काय उत्तर द्यायचं ते सुचलं नाही.

आता मूळ मुद्दा. सगळीकडे सांगतात ओटीपी कुणाला सांगू नका, कुणाला दाखवू नका. पण ज्या माणसाला तो मेसेज वाचताच येत नाही त्याने करायचं काय? तो कुणाला तरी दाखवणारच. शेजारच्या पोराला, रेशन दुकानदाराला, ग्राम वन या सरकारी सेवा केंद्रातल्या मुलाला, मला. माझ्या काउंटरवर दिवसाला दहा तरी फोन येतात, "जरा बघ की काय आलंय." मी बघतो. मी चांगला माणूस आहे म्हणून ठीक, उद्या माझ्या जागी दुसरा कोण बसला तर? म्हणजे तुमचा सुरक्षेचा नियमच असा की तो पाळायला आधी तो मोडायला लागतो. आणि खरा मेसेज कन्नड-इंग्लिशमध्ये, खोटा मेसेज पण कन्नड-इंग्लिशमध्ये, काकीला दोन्ही सारखेच, नुसत्या किड्यामुंग्या. मग जो फोन करून मराठीत बोलतो तोच खरा वाटणार की नाही सांगा.

तुम्ही म्हणाल कन्नड शिका. शिकलोय साहेब. मी वाचतो, लिहितो, माझी पोरगी तर माझ्यापेक्षा चांगलं लिहिते, उतारा-पहाणी कन्नडमध्येच येते ती आम्ही पंचवीस वर्षं वाचतोय आणि आमच्या गल्लीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांची वाचून पण दाखवतोय. कन्नड वर ठेवा, मोठं ठेवा, पाटीवर साठ टक्के ठेवा, माझ्या दुकानावर आहे बघून जा. पण ज्या बाईने सत्तरच्या दशकात मराठी शाळा सोडली आणि नंतर आयुष्यभर मागावर दोरे जोडले तिला आता लिपी शिक म्हणणार का, आणि ती शिकेपर्यंत चोराला थांब म्हणून कोण सांगणार?

चोरांचं मात्र कौतुक वाटतं कधी कधी. नोव्हेंबर २०२५ मध्ये आपल्या बेळगावातच पोलिसांनी बोगस कॉल सेंटर पकडलं, तुमच्याच खात्याचं चांगलं काम, ३३ जण सापडले. कुणाला फसवत होते? अमेरिकेतल्या लोकांना! म्हणजे बेळगावात खोलीत बसून अमेरिकेतल्या माणसाला त्याला कळेल अशा इंग्लिशमध्ये गंडवायचं. ज्याचे पैसे घ्यायचे त्याच्या भाषेत बोलायचं एवढं त्यांना कळतं. आणि आता आवाजाची नक्कल करणारी एआय टूल्स आल्यावर तर भाषा शिकायची पण गरज नाही, मजकूर टाकला की पाहिजे त्या भाषेत बोलून देतं.

डिजिटल अरेस्टचं, म्हणजे खोटा पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक केली म्हणून घाबरवतो आणि पैसे उकळतो त्याचं, पण तेच. २७ ऑक्टोबर २०२४ ला पंतप्रधानांनी मन की बातमध्ये स्वतः सांगितलं की असला अरेस्ट कायद्यात नाहीच. नंतर सायबर चोरांपासून सावध करणारी अमिताभ बच्चनची ती कॉलर ट्यून आली, लोकं वैतागली, घाईत फोन लावायचा आणि आधी बच्चनचं ऐकायचं, शेवटी जून २०२५ मध्ये ती बंद झाली. मी पण शिव्या घातल्या असतील. पण खरं सांगतो, १९३० हा आकडा लोकांच्या डोक्यात बसला तो त्या ट्यूनमुळं, फळ्यावरच्या नोटिशीमुळं नाही. कानावर पडलेलं राहतं. आमच्या खानापूर तालुक्यात २०२५ च्या मार्चमध्ये एका वयस्कर जोडप्याने असल्याच फोनवाल्यांच्या छळाने जीव दिला, सगळ्या पेपरात आलेलं. ते भाषेमुळं झालं असं मी अजिबात म्हणत नाही, शिकलेली माणसं पण फसतात. मी एवढंच म्हणतो की त्यानंतर आमच्या आजूबाजूच्या गावात लोकं घाबरली, मला येऊन विचारायला लागली की पोलीस खरंच व्हिडिओ कॉलवर अटक करतात का, आणि त्यांना त्यांच्या भाषेत "नाही" म्हणणारा मीच एक, मोबाईल रिपेरीवाला.

अजून एक गंमत. सरकारने खऱ्या-खोट्याची ओळख पटवायच्या बऱ्याच चांगल्या सोयी केल्यात. २०२५ पासनं मेसेज पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी एक अक्षर येतं, सरकारी असेल तर जी, बँकेच्या व्यवहाराचा असेल तर टी, सर्व्हिसचा असेल तर एस, जाहिरात असेल तर पी. बँकेचे कामाचे फोन १६०० ने सुरू होणाऱ्या नंबरवरनं यायला पाहिजेत, जाहिरातीचे १४० वरनं. बँकांच्या वेबसाईटच्या शेवटी आता बँक डॉट इन असायला पाहिजे, रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२५ ची मुदत दिलेली. हे सगळं भारी आहे. मी दुकानात विचारून बघतो, एकाला पण माहीत नाही, कॉलेजच्या पोरांना पण नाही. कुलूप भारी बसवलंय आणि किल्ली कुठं ठेवलीय ते घरच्यांना सांगितलंच नाही असं झालंय हे.

(आणि बँका स्वतःच काय करतात? लिंकवर क्लिक करू नका म्हणून मेसेज पाठवतात आणि त्याच मेसेजच्या खाली एक लिंक. असो.)

मराठी मेसेज महाग पडतो असं एक साहेब मला बोलले होते. अर्धं खरं आहे. इंग्लिश एसएमएसला १६० अक्षरं मिळतात, देवनागरीत गेलं की एका मेसेजला ७०, म्हणजे एकाचे दोन-तीन मेसेज होतात. पण साहेब, कन्नडला पण ७०च मिळतात, युनिकोड आहे दोन्ही. तो खर्च तुम्ही कन्नडसाठी करताय, आणि केलाच पाहिजे. मग बेळगाव, खानापूर, निपाणीच्या माणसाला खाते उघडतानाच भाषा विचारून घेतली तर सगळ्यांना नाही, ज्याला पाहिजे त्यालाच मराठी जाईल. भाषांतराचं म्हणाल तर केंद्र सरकारचं भाषिणी २०२२ पासनं आहे. आधारच्या वेबसाईटवर मराठी आहे. २०२३ मध्ये राज्याच्या दस्त नोंदणीच्या कावेरी पोर्टलवरच्या खरेदीखतातले अंगठ्याचे ठसे उचलून आधारवरनं लोकांचे पैसे काढल्याच्या तक्रारी राज्यात आल्या ना, तेव्हा मी गल्लीतल्या किती जणांचं आधारचं बायोमेट्रिक (बोटांचे ठसे वगैरे) लॉक करून दिलं ते त्या मराठी पानावरनंच, म्हाताऱ्यांना स्वतः वाचून "हां, हे दाब" म्हणता आलं. दिल्लीला जमतं ते बेंगळूरला का जमू नये.

कायद्याचं पण बोलतो थोडं, वकील नाही मी. तुमच्याच राज्याचा १९८१ चा स्थानिक प्राधिकरणांच्या भाषेचा कायदा आहे, त्यात १५ टक्क्यांहून जास्त भाषिक अल्पसंख्याक असतील तिथं त्यांच्या भाषेत सूचना द्यायची तरतूद आहे. २०११ च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्यात मराठी बोलणारे १८ टक्क्यांच्या वर आहेत. तो कायदा नगरपालिका-पंचायतीचा आहे, पोलिसांना तसाच लागत नसेल, मला मान्य. पण चोरीची सूचना द्यायला कायद्याची वाट कशाला बघायची. पूर आला तर नदीकाठी दवंडी द्यायच्या आधी कोण टक्के मोजतं का?

२०२५ मध्ये तुम्ही सायबर कमांड उभं केलंय, जिल्ह्याला सायबरचं वेगळं ठाणं आहे, पोरं हुशार आहेत तिथली. त्यांच्याकडनं मला फार काही नको. तक्रार घ्यायला एक माणूस मराठी समजणारा बसवा, आपल्या पोलिसात मराठी बोलणारे काय कमी आहेत का. आणि वीस-पंचवीस सेकंदांचं एक रेकॉर्डिंग करा, कन्नडमध्ये आणि मराठीत, आणि ते लाल बसमध्ये, आठवड्याच्या बाजारात, देवळाच्या माईकवर, गणपती मंडळांच्या स्पीकरवर लावा. मंडळवाले फुकट लावतील, मी जबाबदारी घेतो. पोस्टर नको. पोस्टरवर शेवटी पाहुण्यांचे फोटोच मोठे होतात.

दरवर्षी डिसेंबरात अधिवेशनाला तुम्ही सगळे सुवर्णसौधला, इथल्या विधानभवनात, येता, तिथनं आमचं शहापूर गाडीने पंधरा-वीस मिनिटं. या एकदा, कुंदा खायला तरी या, काउंटरवर अर्धा तास बसा आणि किती फोन वाचून दाखवायला येतात ते मोजा.

रेकॉर्डिंगसाठी मजकूर शोधत बसायला नको म्हणून मीच लिहून दिलाय. काकीला वाचून दाखवला, तिने दोन शब्द बदलायला लावले, "व्यवहार" काढ म्हणाली आणि "पैसे" घाल.

"ऐका हो. फोनवर कोण पण म्हणाला की पैसे अडकलेत, केवायसी राहिलीय, पोलीस बोलतोय, तर फोन ठेवून द्या. मराठीत बोलला म्हणून आपला समजू नका. व्हॉट्सअपवर आलेलं ॲप दाबू नका. पोलीस फोनवर अटक करत नाहीत. पैसे गेलेच तर लाजू नका, रडत बसू नका, लगेच एक नऊ तीन शून्य लावा. घरात दुसरं कोण येईपर्यंत थांबू नका."

आपला,
शहापूरचा एक मोबाईल रिपेरीवाला

ता. क. : पत्राची कन्नड प्रत सोबत जोडलीय, पोरीने रात्री बसून लिहून दिली. काही चुका असल्या तर त्या तिच्या नाहीत, मीच सारखं मधे मधे वाक्यं वाढवत होतो.