छायाचित्राखालची ओळ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत ऑस्ट्रेलियाच्या चित्रपट-दूरचित्रवाणीवर पान भरून आलेला लेख काल सकाळी चहाबरोबर वाचला. तेव्हाच पत्र लिहायला बसणार होते. परंतु रागाच्या भरात लिहिलेले दुसऱ्या दिवशी आपले आपल्यालाच वाचवत नाही, असे मी तीस वर्षे शाळेत मुलींना सांगत आले असल्यामुळे एक रात्र मध्ये जाऊ दिली. राग गेलेला नाही, अक्षर तेवढे सुधारले आहे.

'क्रोकोडाइल डंडी'च्या, म्हणजे १९८६ च्या, आधी त्या देशाने पडद्यावर सांगण्यासारखे काही केलेच नाही, हे लेखकमहाशयांचे मत त्यांना लखलाभ होवो. नेड केली या दरोडेखोराच्या टोळीवरचा तासाभराहून मोठा चित्रपट मेलबर्नच्या लोकांनी २६ डिसेंबर १९०६ रोजी पाहिला होता. आपला 'राजा हरिश्चंद्र' त्यानंतर सहा वर्षांहून अधिक काळाने आला. १८९६ च्या जुलैमध्ये मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे दाखवणारा मारियस सेस्तिए हा गृहस्थ इथूनच पुढे सिडनीला गेला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्याने मेलबर्न कपची घोड्यांची शर्यत चित्रित केली. ही माहिती ग्रंथालयात बसून मिळते, तिच्यासाठी पंधरा दिवसांची सहल करावी लागत नाही. असो.

माझी तक्रार त्या लेखासोबतच्या छायाचित्राबद्दल आहे. रुंद कपाळाचा, पांढऱ्या दाढीचा, थेट कॅमेऱ्यात पाहणारा एक वृद्ध, आणि खाली आपण छापलेली ओळ: 'ऑस्ट्रेलियातील एक आदिमानव'. पाचवीच्या वर्गाला मी अनेक वर्षे आदिमानव शिकवला आहे. तो दगडाची हत्यारे घडवत असे आणि गुहेत राहत असे. कान चित्रपट महोत्सवात अभिनयाचे पारितोषिक मिळवल्याची त्याची नोंद माझ्या पाहण्यात नाही. आपण ज्यांचे छायाचित्र छापले त्या डेव्हिड गुलपिलिल यांना ते २०१४ मध्ये 'चार्लीज कंट्री' या चित्रपटासाठी मिळाले होते. आदिवासी आणि आदिमानव या शब्दांतला फरक आपल्या उपसंपादकांना ठाऊक नसेल, असे मानायला मन धजत नाही. मग घाईत झाले म्हणावे, तर पुरवणी आठवडाभर आधी तयार होते असे ऐकून आहे.

गुलपिलिल उत्तरेकडील आर्नहेम लँडमधले, योल्ङु समाजाचे. १९७१ मध्ये 'वॉकअबाउट' आला तेव्हा ते कोवळे पोर होते, आणि त्या चित्रपटाच्या श्रेयनामावलीत त्यांचे नाव 'गम्पिलिल' असे चुकीचे लागले. म्हणजे पन्नासएक वर्षांपूर्वी परक्या लोकांनी निदान नाव लिहिण्याचा प्रयत्न तरी केला होता. आपण तेवढीही तसदी घेतली नाही. गंमत अशी, की लेखकमहाशयांच्या लाडक्या 'क्रोकोडाइल डंडी'मध्येही हे गृहस्थ आहेत. लेखात त्या चित्रपटाच्या स्तुतीचे तीन परिच्छेद आणि शेजारी त्यातलाच नट बिननावाचा!

आता त्या 'भुताखेतांच्या सूचने'कडे वळते. ऑस्ट्रेलियातल्या वाहिन्या कार्यक्रमाआधी पडद्यावर एक सूचना दाखवतात, की अ‍ॅबॉरिजिनल, म्हणजे तिथल्या आदिवासी, आणि टोरेस सामुद्रधुनीतील बेटांवरच्या प्रेक्षकांनी सावध असावे, या कार्यक्रमात दिवंगत व्यक्तींची चित्रे आणि आवाज असू शकतात. 'एकविसाव्या शतकातही हा देश मेलेल्यांना घाबरतो' असा विनोद लेखात केला आहे. मीही एकदा तसेच हसले होते, म्हणून हे लिहिण्याचा मला थोडा अधिकार आहे. माझा मुलगा मेलबर्नच्या पश्चिमेकडील एका उपनगरात राहतो. त्याच्याकडे गेले असताना संध्याकाळी टीव्हीवर ही पाटी आली, सूनबाईने मला तिचा अर्थ सांगितला, आणि मी म्हणाले, "अगं, मग यांनी जुने सिनेमे पाहायचेच नाहीत की काय?" ती म्हणाली, "पाहू नका असं कुठे म्हटलंय, आई? आधी सांगितलंय फक्त." विषय तिथेच संपला.

त्या रात्री लागलेला चित्रपट होता 'रॅबिट-प्रूफ फेन्स', २००२ चा. १९३१ साली पश्चिम ऑस्ट्रेलियातील जिगालाँगहून सरकारी माणसांनी आयांपासून ओढून मूर रिव्हरच्या वसाहतीत नेलेल्या तीन आदिवासी मुली तिथून पळतात आणि सशांना अडवण्यासाठी घातलेल्या कुंपणाच्या कडेने दीड हजार किलोमीटरांहून अधिक चालत घराकडे निघतात, अशी ती खरी हकिकत. त्यांच्या मागावर सोडलेला आदिवासी माग काढणारा म्हणजे पुन्हा गुलपिलिलच. साऱ्या चित्रपटात त्यांच्या तोंडी मोजकी वाक्ये आहेत आणि तरी नजर त्यांच्यावरून हटत नाही. अगदी शेवटी नट्या बाजूला होतात आणि खऱ्या मॉली आणि डेझी, दोन म्हाताऱ्या, माळरानातून चालत येताना दिसतात. चित्रपट निघाला तेव्हा दोघी हयात होत्या. मॉली २००४ मध्ये गेल्या, डेझी २०१८ मध्ये. आज त्यांच्या नातवंडांपैकी कोणी सहज टीव्ही लावला, तर आजी समोरून चालत येणार. ती पाटी कोणासाठी असते, हे मला तेव्हा कळले.

त्या समाजांपैकी अनेकांत माणूस गेल्यावर काही काळ त्याचे नाव घेत नाहीत, त्याचे चित्र समोर ठेवत नाहीत. गुलपिलिल २०२१ च्या नोव्हेंबरात वारले तेव्हाही पहिले काही दिवस वृत्तपत्रांनी त्यांचा उल्लेख दुसऱ्या नावाने केला होता. हे शहाणपण काही पहिल्यापासूनचे नव्हे. बाल्डविन स्पेन्सर या प्राध्यापकाने १९०१ मध्ये मध्य ऑस्ट्रेलियात आदिवासींचे विधी कॅमेऱ्यात भरले आणि ती चित्रे मेलबर्नला तिकीट काढून आलेल्यांना दाखवली. १९५५ च्या 'जेडा'मध्ये, त्या देशाच्या पहिल्या रंगीत कथापटात, प्रमुख भूमिका दोन आदिवासींनी केल्या खऱ्या. परंतु त्यातल्या मुलीचे रोझली हे नाव निर्मात्यांनी बदलून 'न्गार्ला' केले, कारण ते पडद्यावर अधिक 'अस्सल' वाटेल. इतकी वर्षे न विचारता चित्रे घेतल्यानंतर कोठे ती दोन ओळींची पाटी आली आहे आणि आपले लेखक तिला भुताखेतांची म्हणतात.

माझ्या यजमानांना जाऊन सहा वर्षे झाली. मागच्या महिन्यात बँकेच्या रांगेत उभी असताना माझ्या फोनने 'आठवणी' या नावाखाली, मी न मागता, नातीच्या बारशाचा व्हिडिओ लावला, आणि चारचौघांत त्यांचा आवाज आला, "अरे, दिवा इकडे घ्या." बंद कसा करायचा ते मला सुचेना; मागच्या बाईंनी केला. त्या फोनवर आधी एक पाटी आली असती, तर मी तिला अंधश्रद्धा म्हटले नसते. काल आपला लेख वाचताना मला बँकेतली ती रांग आठवत होती, म्हणून पत्र थोडे लांबले, त्याबद्दल क्षमा असावी.

येत्या रविवारी त्याच पानावर, आतल्या बाजूला मुंगीच्या अक्षरांत नव्हे, डेव्हिड गुलपिलिल यांचे नाव छापून दुरुस्ती करावी, एवढीच विनंती आहे. छायाचित्र पुन्हा छापण्याची गरज नाही.

जाता जाता एक. दोन वर्षांपूर्वी आपण माझे पत्र छापले, तेव्हा खाली माझ्या नावामागे 'श्री.' लावले होते आणि आडनावात एक काना जास्त दिला होता. कळवूनही दुरुस्ती आली नाही. तेव्हा या वेळी नाव न छापता केवळ पुढीलप्रमाणे छापावे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, मिरज