फॉरमॅट मारण्याआधी बॅकअप उघडून पाहा

महोदय,

विंडोज १० चे मोफत सुरक्षा अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले. नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांना वर्षभराची मुदतवाढ मिळाली, पण पुढचा रस्ता ठरलेलाच आहे : जुन्या मशीनवर विंडोज ११ टाकायचे, नाहीतर नवे मशीन घ्यायचे. दुकानदार, गृहनिर्माण सोसायट्या, पतसंस्था, डीटीपीवाले, सगळ्यांना यातून जावे लागते. दुरुस्तीवाला विचारतो, "बॅकअप घेतलाय ना? मग मारू फॉरमॅट?" आणि समोरचा मान डोलावतो. बॅकअप घेतलेला असतोही, पण तो परत आणता येतो का, हे कोणी पाहिलेले नसते.

पूर्वी हार्ड डिस्क चुकून फॉरमॅट झाली तरी रिकव्हरी सॉफ्टवेअरने बराच डेटा निघायचा. क्विक फॉरमॅटमध्ये फक्त अनुक्रमणिका पुसली जाते, पाने जागेवर राहतात. एसएसडीवर, म्हणजे चिपवर चालणाऱ्या नव्या डिस्कवर, तसे नाही. फाइल पुसली किंवा ड्राइव्ह फॉरमॅट केला की विंडोज डिस्कला 'ट्रिम' ही आज्ञा देते आणि डिस्क त्या जागा आतल्या आत मोकळ्या करून टाकते. त्यानंतर कोणताही रिकव्हरीवाला फारसे काही करू शकत नाही. म्हणून शक्य असेल तिथे जुनी डिस्क पुसूच नका. नवी एसएसडी बसवा, विंडोज तिच्यावर टाका आणि जुनी डिस्क काढून, तिच्यावर मशीनचे नाव व तारीख लिहून, महिनाभर कपाटात ठेवा. लॅपटॉपची डिस्क बोर्डावरच कायमची जोडलेली असेल तर मात्र हा मार्ग नाही. तिथे बॅकअप दोन वेगळ्या डिस्कवर हवा.

डिस्क काढण्याआधी बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, चालू आहे का ते पाहा. मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन केले की अनेक नव्या लॅपटॉपवर डिस्कचे कुलूप आपोआप लागते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. अशी डिस्क दुसऱ्या मशीनला जोडली, किंवा मदरबोर्ड बदलला, की ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती नसेल तर डेटा गेला. ही की त्याच मायक्रोसॉफ्ट खात्याच्या पानावर सापडते. ती कागदावर छापून घ्या. त्याच लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर ठेवलेली की काहीच कामाची नाही.

'सगळा डेटा डी ड्राइव्हला आहे' हे वाक्य बहुतेक वेळा अर्धेच खरे असते. डेस्कटॉप, डाउनलोड्स आणि डॉक्युमेंट्स सी ड्राइव्हवर असतात. आउटलुकची पीएसटी फाइल (साठवलेल्या ईमेल जिच्यात असतात ती) बहुधा डॉक्युमेंट्समधल्या 'आउटलुक फाइल्स' या फोल्डरमध्ये असते, आणि आउटलुक चालू असताना ती कॉपी होत नाही. आधी प्रोग्राम बंद करावा लागतो. टॅली प्राइमचा डेटा सहसा 'यूजर्स' मधल्या 'पब्लिक' फोल्डरखाली दडलेला असतो. वनड्राइव्ह, म्हणजे मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन साठवण, चालू असेल तर डेस्कटॉपच त्या फोल्डरात सरकलेला असतो, आणि ज्या फाइलींवर ढगाची खूण दिसते त्या मुळात तुमच्या डिस्कवर नसतातच.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी सर्वांत मोठा खड्डा फॉन्टचा आहे. श्रीलिपी, आकृती, आयएसएम यांच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर संगणकाच्या लेखी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हेच असतो. त्याला मराठी रूप देतो तो फॉन्ट. वर्ड फाइल नव्या मशीनवर नेली आणि फॉन्ट नेला नाही, की वीस वर्षांची इतिवृत्ते, लग्नपत्रिका, संस्थेची घटना, सगळे प्रश्नचिन्हे, कंस आणि डॉलरच्या खुणांची खिचडी होऊन समोर येते. फाइल शाबूत असते, वाचता मात्र येत नाही. फॉन्ट दोन ठिकाणी शोधा : विंडोजच्या 'फॉन्ट्स' फोल्डरमध्ये, आणि विंडोज १० पासून एकाच वापरकर्त्यापुरता टाकलेला फॉन्ट जिथे बसतो त्या 'अ‍ॅपडेटा'च्या आतल्या लपलेल्या फोल्डरमध्ये. दुसरी जागा हमखास राहून जाते. सॉफ्टवेअर यूएसबी लॉकवर, म्हणजे पोर्टला लावायच्या परवान्याच्या किल्लीवर, चालत असेल तर ते लॉक आणि सेटअपची प्रत बॅकअपच्या डब्यातच ठेवा. महत्त्वाच्या प्रत्येक कागदाची फॉन्ट एम्बेड केलेली, म्हणजे फॉन्ट फाइलीतच सामावलेली, पीडीएफही काढून ठेवा. ती कुठेही उघडते. पेजमेकर या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. मोठी चित्रे बहुधा फाइलीत नसतात, फाइलीत असतो तो त्यांचा पत्ता. नुसती फाइल उचलली तर अंक उघडतो, पण चित्रांच्या जागी धूसर सावल्या दिसतात. 'सेव्ह अ‍ॅज' मध्ये 'ऑल लिंक्ड फाइल्स' निवडले की चित्रेही त्याच फोल्डरात येतात.

आता अख्ख्या मशीनच्या प्रतीबद्दल, म्हणजे सिस्टिम इमेजबद्दल. कंट्रोल पॅनलमधल्या 'बॅकअप अँड रिस्टोअर (विंडोज ७)' मधून ती निघते. तिच्यासाठी डिस्क एनटीएफएस या पद्धतीने फॉरमॅट केलेली हवी. साधा पेन ड्राइव्ह बहुधा एफएटी३२ या जुन्या पद्धतीचा असतो आणि त्यावर ४ जीबीहून मोठी एकही फाइल बसत नाही. जागा मोकळी असूनही फाइल मोठी असल्याचा निरोप येतो तो यामुळेच. इमेजचा 'विंडोजइमेजबॅकअप' हा फोल्डर डिस्कच्या मुळाशीच राहू द्या. आत सरकवला किंवा नाव बदलले तर रिस्टोअर करताना तो सापडत नाही. खरी गोची पुढे आहे. जुनी हार्ड डिस्क १ टीबीची, तिच्यात भरलेले ९० जीबी, नवी एसएसडी ५१२ जीबीची. माल मावेल असे वाटते, पण विंडोजचे हे साधन भरलेला माल पाहत नाही, डिस्कचा आकार पाहते, आणि लहान डिस्कवर इमेज उतरवायला नकार देते. जुने मशीन लेगसी बायोस या जुन्या पद्धतीने आणि नवे यूईएफआय या नव्या पद्धतीने सुरू होत असेल तरीही तेच. अशा वेळी विंडोज नव्याने टाकून फाइली हाताने आणणे बरे. विंडोज ११ मधल्या 'विंडोज बॅकअप' नावालाही भुलू नका. ते काही फोल्डर आणि सेटिंग्ज वनड्राइव्हवर नेते, मोफत जागा ५ जीबी. टॅली, कोरल, प्रिंटरचे ड्रायव्हर त्यात येत नाहीत.

कॉपी झाली की मूळ फोल्डर आणि प्रत, दोन्हींवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज' मध्ये फाइलींची संख्या आणि बाइट्सचा आकडा जुळवा. यूएसबी २ च्या पोर्टवर २०० जीबीला पावणेदोन तास तरी लागतात. घाईने मध्येच केबल ओढली की शेवटची फाइल अर्धवट राहते, नाव मात्र पूर्ण दिसते. मग ती डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून फाइली उघडा : सर्वांत जुनी, सर्वांत मोठी, कालची. टॅलीचा बॅकअप नेहमी नव्या, रिकाम्या फोल्डरात रिस्टोअर करा. चालू डेटाच्या फोल्डरात केला तर चालू डेटावर जुना चढतो. रिस्टोअर झाल्यावर तेरजेची (ट्रायल बॅलन्सची) बेरीज आणि शेवटच्या व्हाउचरची तारीख मूळ मशीनशी ताडून पाहा. माझ्या मते या अर्ध्या तासाशिवाय कोणत्याही प्रतीला बॅकअप म्हणू नये.

बॅकअपची डिस्क कायम जोडून ठेवणे हीही चूकच. रॅन्समवेअर, म्हणजे खंडणीसाठी फाइली अडवणारा व्हायरस, घुसले की जोडलेल्या प्रत्येक ड्राइव्हवरच्या फाइली कुलूपबंद करते. काम झाले की डिस्क काढून दुसऱ्या खोलीत ठेवा, जमल्यास दुसऱ्या घरात. गुगल ड्राइव्ह वा वनड्राइव्हचे सिंक (दोन्हीकडच्या फाइली आपोआप सारख्या ठेवणे) बॅकअपमध्ये धरू नका. इथे पुसलेली फाइल तिथेही पुसली जाते आणि तिथल्या कचरापेटीत साधारण ३० दिवसच राहते.

जागतिक बॅकअप दिन ३१ मार्चला असतो आणि आपले आर्थिक वर्षही त्याच दिवशी संपते. सोसायट्या आणि पतसंस्थांच्या लेखापरीक्षकांना माझी विनंती आहे : हिशेबाच्या कागदांबरोबर एक साधा कागद मागा. बॅकअप कोणत्या तारखेचा, कोणत्या दुसऱ्या संगणकावर रिस्टोअर करून पाहिला, तेरीज जुळली का, आणि खाली पाहणाऱ्याची सही.

– संगणक दुरुस्तीच्या व्यवसायातील एक वाचक, सांगली