पाताळपाणीहून परतल्यावर

इंदूर,
श्रावण

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी आम्ही पाताळपाणीला जाऊन आलो आणि दिवसभर मला तुझी आठवण येत राहिली. लहानपणी खांडव्याला जाताना छोट्या गाडीच्या खिडकीतून आपण तो धबधबा ओझरता पाहत असू. या वेळी मात्र कठड्याशी तासभर उभा राहिलो.

महू सोडल्यावर माळव्याचे सपाट, हिरवे पठार मागे पडते न पडते तोच पायाखालची जमीन एकाएकी संपते, आणि चोरल नदी विंध्याच्या काळ्या कातळावरून सुमारे ३०० फूट खाली झेपावते. तेथून हे पाणी दरीतून नर्मदेला मिळते. आपल्या घरामागच्या खान नदीचे पाणी मात्र उत्तरेकडे क्षिप्रेत, पुढे चंबळेत आणि यमुनेतून गंगेत जाते. पावसाची एक सर अरबी समुद्राला आणि तिच्या शेजारची बंगालच्या उपसागराला जावी, असा हा उंबरठा आपल्या इतक्या जवळ आहे, हे शाळेत भूगोल शिकूनही माझ्या ध्यानात आले नव्हते.

पुढे कालाकुंडपर्यंतचा प्रवास आम्ही २०१८ साली सुरू झालेल्या हेरिटेज गाडीने केला. याच लोहमार्गासाठी दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले होते. बोगदे, तीव्र उतार आणि धुक्यातून मध्येच उघडणारी दरी पाहताना डब्यातले सारे जण गप्प झाले होते. कालाकुंडच्या फलाटावर पानात बांधून मिळालेल्या कलाकंदाची चव अजून जिभेवर आहे.

एका गोष्टीचे मात्र फार वाईट वाटले. कठड्यापलीकडे उतरून फोटो काढणारी मुले तेथे आजही दिसतात. वर कुठे पाऊस झाला की हे पाणी क्षणात चढते. २०११ च्या जुलैत अशाच लोंढ्यात माणसे वाहून गेली होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे सिरपूर तलावाच्या पाळीवरून चाललो. २०२२ मध्ये या तलावाचा आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत समावेश झाला. पाणवनस्पतींतून एक जांभळी पाणकोंबडी पिलांना घेऊन निघाली होती. ती दिसेनाशी होईपर्यंत मी जागचा हललो नाही.

थंडीत येथे दूरदेशीची बदके उतरतात, तेव्हा तू चार दिवस सवड काढून ये. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
बालमित्र