फुकटचा डबा आणि पाच हजारांचा दंड

महोदय,

सून बाळंत झाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, दूध अजून नीट उतरलेही नव्हते, तोच दवाखान्यातून पावडरच्या दुधाचा छोटा डबा हातात पडला. फुकट. आम्हाला तर उपकारच वाटले! असा नमुना वाटणे हा आपल्या देशात गुन्हा आहे, हे पुढे महिन्याने कळले.

यासाठी १९९२ पासून कायदा आहे, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. दोन वर्षांपर्यंतच्या बाळांचे पर्यायी दूध, तयार आहार आणि दुधाच्या बाटल्या यांची जाहिरात करता येत नाही. दुधाच्या डब्यावर बाळाचे किंवा आईचे चित्र चालत नाही. डॉक्टरांना भेटवस्तू, त्यांच्या परिषदांना कंपनीचा पैसा, हेही बंद. जाहिरातीच्या व्याख्येत इलेक्ट्रॉनिक माध्यमही येते, म्हणजे मोबाइलवरची 'आई-बाळ' पाने सुटत नाहीत.

शिक्षा मात्र तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पाच हजारांत आज बारसेसुद्धा होत नाही. कंपनीला त्याची काय भीती?

ज्या आईला खरोखर वरचे दूध द्यावे लागते, तिला कोणी बोल लावू नये. कायदा तिच्यावर नाही, विकणाऱ्यावर आहे. निदान प्रत्येक प्रसूतिगृहात या नियमांचा मराठी फलक आणि तक्रार कुठे करायची तो क्रमांक, एवढे तरी शासनाने सक्तीचे करावे.

– एक आजी, सातारा