सर, तो कागद तुम्ही उघडला नाहीत

आदरणीय सर,

साष्टांग नमस्कार.

नाव कुठं घालू नका म्हणालात, म्हणून घालत नाही. पण बेळगाव जिल्ह्यातल्या आमच्या खानापूर तालुक्यात ज्यांची पोरं यंदा एसएसएलसीला, म्हणजे कर्नाटक बोर्डाच्या दहावीला आहेत, त्यांना हे कळायला हवं, म्हणून सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे.

माझ्या लेकीला गणित येत होतं. घरी सोडवायची, धाकट्याला शिकवायची. आणि पूर्वपरीक्षेत पेपर हातात पडला की हात थरथरायचे, डोळ्यांपुढं अक्षरं हलायची. अर्धा पेपर कोरा. बेळगावात ज्या क्लासला आम्ही फी भरली होती, तिथं म्हणाले, भीती-बिती काही नसतं, अभ्यास कमी पडतो. वर चार पालकांसमोर मला ऐकवलं की ही आमचा निकाल खाली आणणार. पोरगी तिथंच उभी होती. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

मग तिला तुमच्याकडं शिकायला पाठवलं. तुम्ही पहिल्या दिवशी वही उघडलीच नाही. नेमकं काय होतं ते तिला विचारलंत आणि ती बोलेस्तोवर थांबलात. मग म्हणालात, "गणित करताना आकडे मनात धरायला जागा लागते की नाही? ती जागा काळजीनं अडवलीय. तुला येत नाही असं कुठं आहे?" घरी येऊन तिनं हे मला सांगितलं आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली.

पुढं घड्याळ लावून जुने पेपर लिहून घेतलेत. सुरुवातीची पंधरा मिनिटं बोर्ड वाचायलाच देतं, त्यात सगळा पेपर नजरेखालून घालायचा. हमखास येतं ते आधी सोडवायचं. अडलं तर सूत्र आणि येतील तेवढ्या पायऱ्या लिहून, जागा सोडून पुढं जायचं, पायऱ्यांनाही गुण असतात. छाती धडधडली तर पेन ठेवून श्वास सावकाश सोडायचा, घेतला त्याहून जास्त वेळ. नापास झालं तरी त्याच वर्षी पुन्हा परीक्षा देता येते, हेही तिला धीर देऊन सांगणारे तुम्हीच. बाकी सगळ्यांनी "एकदा गेलं की गेलं" एवढंच ऐकवलं होतं.

पण सर, माझ्या मनात राहिलं ते वेगळंच. गणिताच्या पेपरला तुम्ही केंद्रावर आलात. तिला कोरा कागद दिलात. "जे जे भ्या वाटतं ते लिही. मराठीत लिही, कन्नडात लिही, शुद्धलेखन कोण बघतंय?" ती पायरीवर बसून लिहीत राहिली. तुम्ही तो कागद न वाचता घडी घातलीत आणि शर्टाच्या खिशात ठेवलात. "हे आता माझ्याकडं असू दे. तू जा, लिहून ये." पेपर सुटल्यावर तीच घडी तिच्या हातात परत दिलीत.

मागून मी विचारलं तेव्हा सांगितलंत की शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी हे करून बघितलंय, 2011 साली 'सायन्स'मध्ये छापून आलंय. परीक्षेआधी दहा मिनिटं भीती लिहून काढली की घाबरणारी मुलं पेपर बरा लिहितात. असेल, नक्कीच असेल. पण माझ्या लेकीची भीती तोवर ज्यानं त्यानं चारचौघांत उघडून दाखवली होती. तुम्ही एकटेच निघालात, ज्यांनी ती तिची तिच्याजवळ राहू दिली.

तुमची भाषा कन्नड, उभी नोकरी कन्नड शाळेत गेली. मराठी माध्यमातली ही पोरगी तुमची कोण? पण कुणाचं मूल, कुठल्या शाळेचं, हे तुम्ही कधी विचारलं नाहीत. अशी माणसं आपल्या भागात अजून आहेत, म्हणून आमच्यासारख्यांच्या पोरांचं निभावतं.

फी घेतली नाहीत. घरच्या काजूची पिशवी पाठवते आहे, ती तेवढी परत करू नका. धाकटा पुढच्या वर्षी दहावीला बसेल, त्यालाही तुमच्याकडंच पाठवणार आहे.

तुमची ऋणी,
एक आई, खानापूर तालुका