भूलतज्ज्ञ डॉक्टरांना अनावृत आभारपत्र

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सादर नमस्कार. आईच्या पित्ताशयाची शस्त्रक्रिया नीट पार पडली म्हणून आम्ही पेढे दिले ते सर्जनसाहेबांना. भूल देणाऱ्या डॉक्टरांचे आभार मानायचे राहूनच गेले, म्हणून हे पत्र.

याआधी उपनगरातल्या एका चकचकीत खासगी रुग्णालयात आईची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा ती दुसऱ्या दिवसापर्यंत गुंगीत होती, ओकाऱ्या थांबत नव्हत्या, आणि विचारावे तेव्हा ‘वय झालंय, होतं असं’ एवढेच उत्तर मिळे. डिस्चार्ज कार्डावर ‘जनरल ॲनेस्थेशिया’ असे दोनच शब्द होते. बिल मात्र कित्येक पानी. भुलेच्या नोंदींचा कागद आपण आग्रहाने मागवायला लावलात, तेव्हा कुठे त्यातले मॉर्फिन, म्हणजे अफूवर्गातले वेदनाशामक, आम्हाला दिसले.

मॉर्फिनपासून यकृतात जे पदार्थ तयार होतात त्यांतला एक स्वतःच प्रभावी वेदनाशामक असतो आणि तो लघवीवाटे बाहेर पडतो, त्यामुळे आईसारख्या, मूत्रपिंडे अशक्त झालेल्या माणसाच्या शरीरात तो साठत जातो, हे आपण परळच्या त्या गजबजलेल्या वॉर्डात शांतपणे समजावलेत. त्याच वर्गातले फेंटानिल मॉर्फिनच्या सुमारे शंभरपट तीव्र असते हे ऐकून मी दचकलो. परंतु ते मायक्रोग्रॅममध्ये मोजून देतात आणि यकृतात त्याचे जे उरते ते जवळजवळ निष्क्रिय असते, हेही आपणच सांगितलेत. याच वर्गातल्या रेमिफेंटानिल या तिसऱ्या औषधाला तर रक्तातली आणि ऊतींमधली विकरेच (एन्झाइम्स) मोडून टाकतात. ते कितीही तास चालू ठेवले तरी बंद केल्यावर तीन-चार मिनिटांत त्याचे प्रमाण निम्म्यावर येते, मात्र वेदनाशमनही तितक्याच घाईने संपते. मळमळ या वर्गातल्या सगळ्याच औषधांनी होते, तेव्हा नुसते औषध बदलून भागणार नव्हते. मात्राही कमी हवी होती. डायक्लोफेनॅक हे नेहमीचे वेदनाशामक मूत्रपिंडांना जड, म्हणून बेतशीर फेंटानिल, जोडीला पॅरासिटामॉल आणि जखमेच्या कडेने तेवढीच जागा बधिर करणारे बुपिव्हाकेन, असे आपण ठरवलेत. त्याच संध्याकाळी आई चहा मागून प्यायली.

परंतु आज आभार मानतो आहे ते मुख्यतः त्या चिठ्ठीसाठी. घरी निघताना आपण केसपेपरमागच्या कोऱ्या कागदावर, आईला चष्म्याशिवाय वाचता यावे अशा ठळक देवनागरी अक्षरांत, स्वतःच्या हाताने लिहिलेत : ‘मूत्रपिंड अशक्त. मॉर्फिन टाळावे. फेंटानिल सोसले. ओकारीचा त्रास होतो. पुढच्या भुलेआधी डॉक्टरांना दाखवणे.’ आणि तो कागद माझ्या हाती न देता आईच्या हाती दिलात. ज्या बाईकडे पाहून आजवर सगळे डॉक्टर माझ्याशी बोलत आले, तिला आपण तिच्या शरीराची मालकीण मानलेत. इतक्या गर्दीत एखाद्याशी असे वागणे कुठल्याही नियमपुस्तिकेत बसत नसावे. ते माणसात असावे लागते, आणि आपल्यात ते आहे.

आईने ती चिठ्ठी प्लास्टिकमध्ये घालून रेशनकार्डाबरोबर ठेवली आहे. या पत्राची प्रत मी आपल्या रुग्णालयाच्या प्रमुखांकडे पाठवत आहे; भूल दिलेल्या प्रत्येक रुग्णाला घरी जाताना अशी मराठी चिठ्ठी मिळावी, अशी विनंती सोबत जोडली आहे. छापील नमुना करायचा झाल्यास त्याच्या झेरॉक्सचा खर्च मी आनंदाने करीन.

आपला नम्र,
एका रुग्णाचा मुलगा, लालबाग, मुंबई